फ्रेंच खेड्याखालचं रोमन गाव कसं शोधायचं: नकाशा, दफ्तर आणि शेत

फ्रान्समध्ये आज जवळपास ३५ हजार कम्यून, म्हणजे सर्वांत लहान प्रशासकीय घटक, आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गावांची वस्ती पाचशेच्या आत आहे. अशा बऱ्याच गावांच्या माहितीत 'रोमन काळापासून वस्ती' असं एक वाक्य ठोकून दिलेलं असतं. ते खरं असूही शकतं, पण त्यामागे पुरावा काय हे क्वचितच लिहिलेलं असतं. कधी नुसतं नावाचं शेपूट, कधी शेतात मिळालेले कौलांचे चार तुकडे, कधी एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या पाद्र्याचा उत्साह. गावाचा भूगोल-इतिहास नीट मांडायचा असेल तर आजच्या गावापासून सुरुवात करा आणि एकेक थर सोलत मागे जा. थेट रोमन काळात उडी मारली की मधली दीड हजार वर्षं नजरेतून सुटतात आणि त्या वर्षांत झालेले फेरफार रोमनांच्या नावावर जमा होतात.

आधी गाव पक्कं करा

एकाच नावाची गावं फ्रान्समध्ये ढिगाने आहेत. साव्हिन्यी आणि सेंत-मारी ही तर नेहमीची उदाहरणं. म्हणून पहिलं काम म्हणजे गावाचा इन्से, म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने दिलेला, क्रमांक टिपून घेणं. हा क्रमांक पाच अंकी असतो. पहिले दोन अंक देपार्तमाँचे, म्हणजे जिल्ह्याचे, आणि पुढचे तीन गावाचे. कॉर्सिकात पहिल्या दोन जागी '२ए' किंवा '२बी' येतं. पोस्टाचा पिन क्रमांकही पाच अंकीच असल्यामुळे दोन्हींची गल्लत नेहमी होते. पिन क्रमांक अनेक गावांना मिळून एक असतो, त्यामुळे तो टाकून शोध घेतला तर शेजारच्या गावाचे आकडे तुमच्या गावात घुसतात.

दुसरी अडचण विलीनीकरणाची. डिसेंबर २०१० च्या कायद्यानंतर, विशेषतः २०१५ पासून, शेकडो छोट्या कम्यून एकत्र होऊन 'कम्यून नुव्हेल' तयार झाल्या. जुनं गाव 'कम्यून देलेगे' म्हणून नावापुरतं उरतं. तुमचं गाव असं विलीन झालं असेल तर भूगोल कोणत्या हद्दीचा लिहिताय ते सुरुवातीलाच सांगा. क्षेत्रफळ नव्या हद्दीचं, लोकसंख्या जुन्या हद्दीची आणि चर्च तिसऱ्याच वाडीचं, असली खिचडी अगदी सर्रास दिसते.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. 'कम्यून' हा घटक १४ डिसेंबर १७८९ च्या कायद्याने आला. त्याआधी पॅरिश होतं, म्हणजे चर्चची हद्द. नव्या कम्यूनच्या सीमा बहुतेक जागी याच पॅरिशच्या सीमांवर बेतल्या गेल्या. रोमन काळातले घटक वेगळेच: सिव्हितास म्हणजे एका जमातीचा सगळा मुलूख, त्यातला पागुस, रस्त्यावरचं गाव म्हणजे व्हिकुस आणि शेतमळ्याचा वाडा म्हणजे व्हिला. 'रोमन काळात ही कम्यून अमुक होती' असं वाक्य म्हणूनच लिहिता येत नाही. लिहायचं ते असं: आजच्या हद्दीत रोमन काळाचं अमुक सापडलं.

भूगोलाचे आकडे

उंचीचे तीन आकडे असतात: हद्दीतला सर्वांत खालचा बिंदू, सर्वांत वरचा आणि गावठाणाचा. आयजीएन या राष्ट्रीय नकाशा संस्थेच्या १:२५,००० च्या नकाशावरून तिन्ही पडताळता येतात. नुसती सरासरी देऊ नका. नदीकाठापासून पठारापर्यंत दीडशे मीटर चढ असलेल्या गावाबद्दल सरासरी काहीच सांगत नाही, आणि रोमन वस्ती कुठे असेल याचा अंदाज नेमका त्या चढावरूनच येतो.

क्षेत्रफळाचे दोन वेगवेगळे आकडे समोर येतील आणि दोन्ही बरोबर असतील. कादास्त्रच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या, आकड्यात एक चौरस किलोमीटरहून मोठी तळी, हिमनद्या आणि खाड्यांची मुखं धरलेली नसतात. नकाशावरून मोजलेल्या आकड्यात ती येतात. मोठा जलाशय किंवा खाडी असलेल्या गावात हा फरक चांगलाच जाणवतो. कोणता आकडा घेतला ते लिहून मोकळं व्हा.

लोकसंख्येसाठी 'पोप्युलासियों म्युनिसिपाल' हाच आकडा घ्या. 'तोताल' घेतला तर शिक्षणासाठी किंवा इतर कारणाने दुसरीकडे राहणारी माणसं दोनदा मोजली जातात. दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांची प्रत्यक्ष शिरगणती २००४ पासून पाच वर्षांतून एकदा पाळीपाळीने होते. मधल्या वर्षांचे आकडे हिशेबाने काढलेले असतात. तीनशे वस्तीच्या गावात 'यंदा दोन माणसं वाढली' यावर परिच्छेद लिहिण्यात म्हणूनच अर्थ नाही.

पाणी आणि खडक यांना मात्र वेळ द्या. ओढा कोणत्या नदीला मिळतो आणि ती नदी सेन, ल्वार, गारोन, रोन अशा कोणत्या खोऱ्यात जाते, ते लिहा. खडकासाठी बीआरजीएम या भूवैज्ञानिक संस्थेचा १:५०,००० चा नकाशा त्यांच्या अँफोतेर संकेतस्थळावर फुकट दिसतो. चुनखडीचं पठार, त्याच्या पायथ्याशी चिकणमातीचा थर आणि दोन्हींच्या सांध्यावर झऱ्यांची ओळ, ही रचना दिसली की पेन्सिलने त्या सांध्यावर रेघ ओढा. मळ्याच्या वाड्याला पाणी, बांधकामाचा दगड आणि नांगराखालची जमीन तिन्ही हाताशी लागायचं, आणि या रेषेवर ते मिळतं. कौलं भाजायची चिकणमातीही तिथेच.

नकाशे उलट्या क्रमाने

सुरुवात आजच्या विमानछायाचित्रापासून करा आणि मग आयजीएनच्या 'रमोंते ल तां' या सेवेवर १९५० च्या आसपासची छायाचित्रं उघडा. शेतांची एकत्रीकरण योजना बऱ्याच गावांत त्यानंतर राबवली गेली. तिने बांध, कुंपणं, जुन्या वाटा पुसून टाकल्या. पन्नाशीच्या छायाचित्रात त्या अजून जिवंत आहेत.

त्यामागे नेपोलियनकालीन कादास्त्र. १८०७ च्या कायद्याने सुरू झालेली ही मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. प्रत्येक गावाचा एक जोडनकाशा असतो, त्यानंतर ए, बी, सी अशा विभागांचे तुकडे, साधारण १:२,५०० प्रमाणात. दाट गावठाण १:१,२५० ला. जिल्हा दफ्तरखान्यांनी हे नकाशे जवळपास सर्वत्र ऑनलाइन ठेवले आहेत, '३ पी' या मालिकेत. पण नुसता नकाशा पाहून थांबू नका. त्याच्या जोडीची 'एता द सेक्सियों' ही नोंदवही हवीच, कारण प्रत्येक तुकड्याचं स्थानिक नाव, जमिनीचा प्रकार आणि मालक तिथे आहेत. ही स्थानिक नावं म्हणजे ल्यू-दी. आजच्या नकाशावर वीस-पंचवीस उरलेली असतात, तर या वहीत दीडशे-दोनशे सहज मिळतात. सगळी एका तक्त्यात उतरवा: विभाग, तुकड्याचा क्रमांक, नाव, जमिनीचा प्रकार. काम कंटाळवाणं आहे, पण पुढच्या शोधाला यासारखा दुसरा आधार नाही.

त्याही मागे कासिनीचा नकाशा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, १:८६,४०० प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ८६४ मीटर. गावं, चर्चं, गिरण्या, वाडे यांसाठी तो उत्तम. रस्ते, जंगलाच्या कडा आणि टेकड्यांचे आकार मात्र अंदाजे काढलेले आहेत. त्यावर आजचा नकाशा चढवून 'ओढ्याने पात्र बदललं' असा निष्कर्ष काढू नका. रेखांशही पॅरिसच्या मध्यान्हरेषेवरून मोजलेले असतात, ग्रीनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं १४ सेकंद. एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी नकाशावर कोन ग्राडमध्येही दिलेले असतात, आणि १ ग्राड म्हणजे ०.९ अंश. जुन्या अहवालातला बिंदू आजच्या नकाशावर शेजारच्या जिल्ह्यात जाऊन पडला तर चूक बहुधा या दोनपैकी एका ठिकाणी असते.

दफ्तरखाना

जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात अक्षरवार मालिका असतात. फ्रेंच क्रांतीपूर्व धर्मखात्याची कागदपत्रं 'जी' आणि 'एच' मध्ये, क्रांतीकाळाची 'एल' मध्ये, जप्त करून विकलेल्या चर्चच्या मालमत्तेची 'क्यू' मध्ये, एकोणिसाव्या शतकातल्या गावकारभाराची 'ओ' मध्ये. बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३९ च्या व्हिलेर-कोतरे फर्मानात आहे. प्रत्यक्षात छोट्या गावांच्या वह्या बऱ्याचदा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच सलग मिळतात, कारण १६६७ मध्ये दोन प्रती ठेवणं सक्तीचं झालं. नागरी नोंदणी सुरू झाली २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने.

तारखा वाचताना दोन खड्डे आहेत. १५६४ च्या शाही फर्मानाआधी वर्ष अनेक भागांत ईस्टरला बदलत असे; 'फेब्रुवारी १५४०' असं लिहिलेला कागद आजच्या हिशेबाने १५४१ चा असू शकतो. दुसरा खड्डा क्रांतीच्या दिनदर्शिकेचा. ती ३१ डिसेंबर १८०५ पर्यंत चालली आणि 'वर्ष दुसरे' म्हणजे २२ सप्टेंबर १७९३ पासूनचं वर्ष. याच काळात 'सें' लागलेल्या कित्येक गावांची नावं बदलली गेली आणि काही वर्षांत परतही आली. शोधात गाव अचानक गायब झालं तर क्रांतीकालीन नाव शोधा.

मध्ययुगातली लोकसंख्या माणसांत मिळत नाही, चुलींत मिळते. १३२८ ची पॅरिश आणि चुलींची शाही गणती प्रसिद्ध आहे. चुलीला चार ते पाच माणसं धरण्याची पद्धत आहे. पण दक्षिणेकडे 'चूल' हा नुसता करआकारणीचा एकक झाला होता. तिथे गुणाकार करून लोकसंख्या काढली तर आकडा हवेतला. मापांचंही तसंच. पॅरिसचा आर्पां ३४.१९ आर, जंगलखात्याचा ५१.०७ आर. कागदावर कोणता ते न बघता हेक्टरमध्ये बदललेले आकडे छापू नका.

गावातल्या शिक्षकांनी १८८९ आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांच्या निमित्ताने लिहिलेल्या ग्रामवर्णनांच्या वह्या अनेक जिल्ह्यांत जपलेल्या आहेत. पिकं, विहिरी, पाऊस, पटसंख्या यांसाठी या वह्या म्हणजे खजिना. त्यांतला रोमन इतिहास मात्र बहुधा ऐकीव असतो. १८३४ नंतर पुरातत्त्व मंडळांची जी लाट आली, तिच्यातल्या हौशी अभ्यासकांबद्दलही तेच म्हणता येईल: त्यांची मोजमापं घ्या, काळनिर्णय घेऊ नका. जळकी माती दिसली की '२७५-२७६ च्या जर्मन टोळ्यांनी जाळलं' असा शेरा मारायची त्यांना सवयच होती. चूल उलटली तरी माती जळते.

नावावरून किती सांगता येतं

गॉलमध्ये, म्हणजे रोमन काळातल्या फ्रान्सच्या मुलखात, मालकाच्या नावाला 'आकुम' जोडून इस्टेटीचं नाव बनत असे. ही शेपूट प्रदेशाप्रमाणे वेगवेगळी झिजली. साबिनियुस या नावावरून नैर्ऋत्येला साव्हिन्याक, उत्तरेला साव्हिन्यी, पश्चिमेला सेव्हिन्ये आणि लियोंच्या आसपास साव्हिन्यो. मार्तिन्याक, मार्तिन्यी, मार्तिन्ये हे त्रिकूट त्याच नियमातलं. गाव 'याक' किंवा 'यी' ने संपतं म्हणून तिथे वाडा होताच, असं मात्र ठरत नाही. हा प्रत्यय रोमन सत्ता गेल्यावरही काही पिढ्या वापरात होता. नावावरून इतकंच म्हणावं: गॅलो-रोमन धाटणीचं इस्टेटीचं नाव.

नेहमी फसवणारी नावं अशी. 'व्हिल' ने संपणारी बहुतेक गावं मध्ययुगातली, नावाच्या सुरुवातीला जर्मानिक मालकाचं नाव लागलेली. 'कां द सेझार', म्हणजे सीझरची छावणी, हे नाव बऱ्याचदा लोहयुगीन किल्ल्याला किंवा मध्ययुगीन तटबंदीला लोकांनी मागाहून दिलेलं. 'ला-रोमेन' हे शेपूट तर आधुनिक: व्हेझोंला ते १९२४ मध्ये लागलं, आणि आर्देशमधलं आल्बा-ला-रोमेन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आप्स म्हणून ओळखलं जायचं, जरी तिथे हेल्व्ही जमातीची खरोखरीची राजधानी होती. द-सेव्र जिल्ह्यातल्या रोम या खेड्याचं नाव तर रोम शहरावरून आलेलंच नाही. ते आलं राउरानुमवरून. प्वातिए ते सेंत या रस्त्यावरचं हे ठाणं जुन्या मार्गसूचीत नोंदलेलं आहे. वस्ती अस्सल रोमन, आणि नावाचा उघड दिसणारा अर्थ साफ चुकीचा.

उत्तर आणि मध्य गॉलमध्ये राजधान्यांनी उशिराच्या रोमन काळात आपलं मूळ नाव टाकून जमातीचं नाव घेतलं. पारिसींवरून पॅरिस, रेमींवरून रेंस. हेच लहान गावांनाही लागू आहे: दियाब्लिंतेसवरून मायेन जिल्ह्यातलं ज्युब्लँ, विदुकासेसवरून काल्व्हादोसमधलं व्यो, कोरियोसोलितेसवरून ब्रिटनीतलं कोर्सल. तुमच्या खेड्याच्या नावात एखादी जमात लपलेली दिसली तर कान टवकारा. आज सातशे माणसांचं असलेलं गाव एकेकाळी अख्ख्या मुलुखाचं मुख्य ठाणं असू शकतं.

सीमादर्शक नावं सर्वांत भरवशाची. 'इकोरांदा' या गॉलिश शब्दापासून आलेली अँग्रांद, इग्रांद, एग्युरांद ही गावं दोन जमातींच्या मुलुखांच्या सीमेवर पडतात. लॅटिन 'फिनेस' पासून आलेलं फें किंवा फॅन्सही तसंच. मैलदर्शक नावं तर मोजूनच पाहता येतात: व्हिएनहून पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेतेम सातव्या मैलावर, वातिये आठव्या आणि दियेमो दहाव्या.

कोणतंही मूळ लिहिताना सर्वांत जुनं लिखित रूप आणि त्याचं वर्ष द्या. देपार्तमाँनिहाय स्थलनामकोश याच कामासाठी आहेत आणि त्यांतले बरेचसे ऑनलाइन आहेत. मठाच्या दानपत्रसंग्रहातली नोंद असेल तर दानपत्राचं वर्ष आणि नक्कल उतरवल्याचं वर्ष वेगवेगळं असतं, दोन्ही लिहा. बाराव्या शतकातला कारकून बोलीतल्या नावाला स्वतःच्या अकलेने लॅटिन वेश चढवत असे. त्यामुळे लॅटिन दिसतं म्हणजे जुनं आहे, असं नाही.

रस्ता ओळखणं

नकाशावर दोन-तीन किलोमीटर सरळ जाणारी वाट दिसली की तिच्या दोन्ही अंगांना कम्यूनच्या सीमा बघा. सीमा त्या वाटेवरूनच धावत असेल तर वाट सीमेपेक्षा जुनी. अठराव्या शतकातले शाही रस्तेही नाकासमोर सरळ आहेत, पण ते सीमा आणि शेतं आडवी कापत जातात. हा एकच निकष निम्मा गोंधळ मिटवतो. जोडीला नावं बघा: एत्रे, ला शोसे, शमँ फेरे, आणि उत्तरेकडे शोसे ब्रुनओ. शेवटच्या नावात मेरोव्हिंजियन, म्हणजे रोमनांनंतरच्या फ्रँक घराण्यातली, राणी आहे, रस्ते मात्र बऱ्याच ठिकाणी रोमन.

मग अंतर. रोमन मैल साधारण १,४८१ मीटर. दुसऱ्या शतकापासून गॉलच्या बऱ्याच भागात मैलाऐवजी लेउगा वापरात आली, दीड मैलाची, म्हणजे साधारण २,२२२ मीटर. दक्षिणेच्या नार्बोनेन्सिस प्रांतात मैलच चालू राहिला. मार्गसूचीत 'दहा' लिहिलं असेल तर ते १४.८ किलोमीटर की २२.२, हे आधी ठरवा. दोन्ही मोजून पाहा, आणि हवाई अंतर न घेता वाटेवरून मोजा. रोमन रस्त्यांचा प्यूटिंगरचा नकाशा वापरताना तो मूळ रोमन कागद नसून व्हिएन्नात ठेवलेली मध्ययुगीन प्रत आहे, हे विसरू नका. नक्कल करताना पाचचा दहा आणि दहाचा पाच होणं सोपं होतं. एखादा टप्पा जमत नसेल तर तुमचं गाव तिथे कोंबण्यासाठी आकडा दुरुस्त करायचा मोह टाळा.

मैलाचे दगड जागेवर क्वचितच असतात. क्रुसाचा पाया, चर्चच्या दाराचा खांब, पोकळ करून केलेली शवपेटी, अशी त्यांची पुढची आयुष्यं असतात. दगडावर सम्राटाच्या पदव्या असतात, आणि ट्रिब्यूनपदाचं कितवं वर्ष ते दिलेलं असलं तर काळ वर्षापर्यंत कळतो. लॅटिन शिलालेखांच्या महासंग्रहात दक्षिण प्रांत बाराव्या खंडात आणि उरलेला गॉल तेराव्यात आहे. क्रमांकाला तारका असेल तर तो लेख संपादकांनी बनावट ठरवलेला आहे. स्थानिक पुस्तिकांत ही तारका हमखास गळून पडते.

जमिनीतला पुरावा तोलणं

ज्युब्लँ या एका गावात सगळे प्रकार एकत्र पाहता येतात. गावाच्या उत्तरेला मंदिर, दक्षिणेला नाट्यगृह, दोन्हींच्या मध्ये फोरम, म्हणजे मुख्य चौक, आणि स्नानगृह, असं सगळं जवळपास एका ओळीत. स्नानगृहाच्या भिंतींवरच आजचं पॅरिश चर्च उभं आहे. बाजूला तिसऱ्या शतकातला किल्ला: मधोमध कोठारासारखी जाड भिंतींची इमारत, तिच्याभोवती मातीचा तट आणि त्याबाहेर बुरुजांची दगडी भिंत. वेगवेगळ्या टप्प्यांत बांधलेला. नकाशावर बघताना या ओळीवर पट्टी ठेवा आणि आजच्या गल्ल्या तिला कुठे समांतर जातात ते पाहा. तशा गल्ल्यांवर खूण करा. गल्ली आजची, पण तिची दिशा जुन्या शहराच्या आखणीतून आलेली असू शकते.

व्योचा धडा वेगळा आहे. तिथल्या तितुस सेन्नियुस सोल्लेम्निस या पुढाऱ्याच्या पुतळ्याचा लेखयुक्त चौथरा २३८ सालचा. सोळाव्या शतकात तो तिथून तोरिन्यीच्या गढीत नेला गेला आणि आजही 'तोरिन्यीचा संगमरवर' म्हणूनच ओळखला जातो. वस्तूचं नाव ती जिथे ठेवली त्या जागेचं, सापडली त्या जागेचं नव्हे. तुमच्या गावच्या चर्चमधला दगडही असाच पाहुणा असू शकतो.

साध्या शेतातला पुरावा बहुधा कौलांचा. तेगुला म्हणजे दोन कडांना उभी किनार असलेलं सपाट कौल, इम्ब्रेक्स म्हणजे त्यांच्या सांध्यावरचं अर्धगोल कौल. एकट्या अर्धगोल तुकड्यावरून काळ ठरत नाही, कारण तसली कौलं आजही होतात. किनारीचा तुकडा हवा. पण तेगुलाही पुन्हा वापरल्या गेल्या. मेरोव्हिंजियन थडग्यांना त्यांच्या पेट्या केलेल्या सापडतात. किनारीची कौलं, चुन्याचा गिलावा, बांधकामाचा दगड आणि भांड्यांचे तुकडे असा दाट पुंजका दिसला तर खाली इमारत असण्याची शक्यता बरी. झिजलेले बारीक तुकडे विरळ विखुरलेले असतील तर ते बहुधा शेणखताबरोबर शेतात आलेले. लाल तकाकीची तेर सिजिले भांडी काळनिर्णयाला सर्वांत उपयोगी: मियोजवळच्या ला ग्रोफझांकची भट्टी पहिल्या शतकात जोरात होती, लझूची दुसऱ्या शतकात.

हवेतूनही दिसतं. पुरलेल्या भिंतीवर धान्य खुरटतं आणि लवकर पिवळं पडतं. बुजलेल्या चरावर ते उंच आणि जास्त दिवस हिरवं राहतं. कोरड्या वर्षी मे-जूनमधली छायाचित्रं यासाठी बघा. पिकार्दीच्या खडूमातीत रोजे आगाश यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिवाळ्यातल्या नांगरटीवरून व्हिलांचे आख्खे आराखडे टिपले होते. तिथे भिंतींचा खडू पांढऱ्या रेषांत वर येतो. जंगलाखाली आयजीएनचे लिडार नकाशे, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेले उंचसखलतेचे नकाशे, बघा. पण त्यात कोळशाच्या भट्ट्यांचे चबुतरे आणि पहिल्या महायुद्धातले खंदकही रेषांत उठून दिसतात, हे ध्यानात असू द्या.

आधीच काय सापडलंय ते पाहायला गॉलच्या पुरातत्त्वीय नकाशाची जिल्हावार मालिका आहे, १९८८ पासून निघत असलेली. तिच्या खंडांत नोंदी कम्यूनवार आहेत. तिथे तुमच्या गावाखाली दोनच ओळी असतील तर तुमच्या लेखातही रोमन काळाला दोन-तीन ओळी पुरेत. उरलेली जागा कादास्त्र आणि पॅरिशच्या वह्यांना द्या. छोट्या गावाचा खरा माल तिथेच आहे.

प्रत्यक्ष गावात

छोट्या गावातली मेरी, म्हणजे मेयरचं कार्यालय, आठवड्यातून काहीच तास उघडी असते आणि ऑगस्टमध्ये बऱ्याचदा बंद. आधी पत्र किंवा ईमेल पाठवा, इन्से क्रमांक आणि हवा असलेला कागद नेमका लिहून. चर्चची किल्लीही बहुधा तिथेच विचारावी लागते. शेतं खाजगी आहेत. नकाशावर वाट दिसते म्हणून त्यावरून जाता येतंच असं नाही.

जमिनीवरून काही उचलू नका. पुरातत्त्वीय वस्तूंच्या शोधासाठी मेटल डिटेक्टर वापरायचा तर प्रदेशाच्या प्रेफेची, म्हणजे प्रदेशातल्या सरकारी प्रतिनिधीची, लेखी परवानगी लागते. जमीनमालक 'हो' म्हणाला तरी तेवढ्याने भागत नाही. उत्खननालाही सरकारी परवानगी हवीच. नांगरताना, खड्डा खणताना किंवा भिंत पडल्यावर अचानक काही दिसलं तर सापडणाऱ्याने आणि जागेच्या मालकाने लगेच मेयरला कळवायचं असतं. मेयर ते प्रेफेकडे पाठवतो आणि तिथून प्रादेशिक पुरातत्त्व विभागाकडे. तोपर्यंत वस्तू जागेवरून हलवू नका. मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा आणि कादास्त्रातला विभाग व तुकड्याचा क्रमांक त्यासोबत लिहा. मेरीतल्या कारकुनाला अक्षांशापेक्षा तो क्रमांक लवकर समजतो.